शेवाळाच्या माथ्यावरचं दोन फूट पाणी : मरळीसाठी उथळ ल्युअर वापरल्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हा पाझर तलाव कोल्हापूर शहरापासून गाडीनं तासाभराच्या अंतरावर आहे. तलावाचं आणि गावाचं नाव इथं गाळलंय, माणसंही नात्यानंच ओळखायची. त्यातले दाजी पन्नाशीच्या पुढचे. वेळूची काठी, जाड नायलॉन आणि जिवंत बेडूक एवढ्यावर त्यांनी लहानपणापासून मरळ धरली. त्यांचा मेहुणा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने घडवणारा, आहे. अमेरिकेतल्या बास मासेमारीचे व्हिडिओ बघून त्यानं रॉड, रील आणि डबाभर ल्युअर, म्हणजे गळ लावलेली नकली आमिषं, घेतली. दाजी त्याला ‘पाव्हणं’ म्हणतात. गळ रिकामा आला की त्या शब्दाला जरा जास्तच धार येते.

बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा, आपल्या तळ्यात तो सापडायचा नाही. पण त्याच्यासाठी घडवलेला उथळ बुडणारा क्रँकबेट नावाचा ल्युअर मरळीलाही चालतो, कारण दोघांची शिकारीची रीत मिळतीजुळती आहे. दोघंही लाकूड, गवत किंवा दगडाच्या आडोशाला दबा धरून बसतात आणि जवळून जाणाऱ्या लहान माशावर झडप घालतात. टेनेसीतल्या फ्रेड यंग यांनी बाल्सा लाकडातून कोरलेला ‘बिग ओ’ हा या घराण्यातला गाजलेला पूर्वज. फुगीर पोट, आखूड लिप (नाकाखालची चपटी पट्टी) आणि ओढलं की थरथरत पळणारं अंग, ही आजच्या प्लास्टिकच्या ल्युअरचीही ओळख आहे.

क्रँकबेट पाण्यावर तरंगतो. ओढायला लागलं की नाकाखालच्या लिपवर पाण्याचा दाब येतो आणि तो खाली जातो. लिप आखूड आणि अंगाला जवळजवळ काटकोनात असेल तर तो एक ते तीन-चार फुटांवर चालतो. लिप लांब आणि अंगाच्या रेषेत पुढं आलेली असेल तर खोल जातो. थांबलं की पुन्हा वर येतो. पुढचं सगळं प्रकरण या ‘वर येतो’वर फिरतं.

तळं आणि मासा

ऑक्टोबरात तळं भरलेलं होतं. बांधाच्या आतल्या बाजूला दगडी पिचिंग, मधे सहा-सात फुटांचा सपाट पट्टा, आणि ओढा येऊन मिळतो त्या टोकाला बुडालेल्या बाभळींचे बुंधे आणि पाणकणीस. सपाट पट्टा हायड्रिला या पाणवनस्पतीनं भरलेला. गावात पाण्यातल्या प्रत्येक हिरव्या गोष्टीला शेवाळच म्हणतात, पण गळाच्या दृष्टीनं यात दोन जाती पाडायला हव्यात. हायड्रिला ठिसूळ असतं, हिसका दिला की तुटून गळ मोकळा होतो. खरं शेवाळ, म्हणजे केसासारखं तंतूचं, गळाला गुंडाळतं आणि हिसक्यानं आणखी घट्ट बसतं. पुढं मात्र गावच्या बोलीप्रमाणं हायड्रिलालाही शेवाळच म्हटलंय.

मरळ नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही. तिला अधूनमधून वर येऊन हवा घ्यावीच लागते, आणि त्या वेळी पाण्यावर एक गोल वलय उठतं, कधी ‘भुडुक’ असा आवाजही येतो. दाजी रॉड हातात घेण्याआधी पंधरा मिनिटं नुसते बांधावर बसून ही वलयं मोजायचे. मेहुण्याला तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटे. महिन्याभरानं त्याच्याच वहीत वलयांच्या जागा खुणावलेल्या दिसतात.

मासेमारीचा ठेका एका मच्छीमार सहकारी संस्थेकडं होता. संस्थेनं पावसाळ्यात कटला-रोहूची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडलेली. पहिल्या दोन रविवारी दोघांनी कुणाला विचारलंच नाही. दुसऱ्या रविवारी राखणदार आण्णा तराफ्यावरून आले आणि म्हणाले, “दाजी, तुमी तरी इचारायचं का न्हाई?” मग रीतसर बोलणं झालं. मरळ ही बोटुकली खाणारी, तेव्हा संस्थेला तिचं दुःख नव्हतं. जाळं नाही, कटला-रोहू लागला तर परत सोडायचा आणि धरलेल्या मरळी आण्णांना दाखवायच्या, या तीन अटींवर रविवारची परवानगी मिळाली. तोंडी परवानगीवर ठेक्याच्या तळ्यात उतरणं तसं कच्चंच. लेखी चिठ्ठी घेतली असती तर आण्णांच्या जागी दुसरा राखणदार आला त्या दिवशी तासभर वाया गेला नसता.

अडचण नेमकी कुठं होती

मेहुण्याचं साहित्य असं : सात फुटी मीडियम-हेवी (जरा कडक) रॉड, ३००० आकाराचं स्पिनिंग रील, ३० पौंड ताण सोसणारी ब्रेडेड (विणलेल्या धाग्यांची) दोरी, आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, १४ ग्रॅमचा क्रँकबेट. डबीवर छापलं होतं, १.५ ते १.८ मीटर. तळं सहा-सात फूट खोल, म्हणजे ल्युअर तळाच्या थोडा वरून जाईल, असा हिशेब. हिशेब चुकला नव्हता, फक्त तो उघड्या तळाच्या तळ्यासाठी होता.

ऑक्टोबरच्या चार रविवारी मिळून सुमारे १५० फेकी झाल्या. त्यातल्या शंभरएक फेकींत ल्युअर शेवाळाची जुडी घेऊन आला. शेवाळ अडकलं की थरथर बंद होते आणि ल्युअर ओल्या चिंधीसारखा ओढला जातो. तसल्या चिंधीकडं मरळ ढुंकून बघत नाही. पाच झडपा आल्या, त्यातली एकच मरळ काठावर आली, ९०० ग्रॅमची. दोन ल्युअर बाभळीच्या बुंध्यात राहिले.

या काळात बदल झाला तो फक्त रंगाचा. आधी चंदेरी, मग हिरवा-पिवळा, मग लाल पोटाचा, मग काळा. चार रंगांवर पैसे गेले आणि चारही ल्युअर एकाच खोलीवर, एकाच शेवाळात गेले. ल्युअर घेणाऱ्यांची ही नेहमीची खोड आहे. रंग डोळ्यांना दिसतो, खोली दिसत नाही, म्हणून आधी रंग बदलला जातो.

दुसरी अडचण वेगळीच होती आणि ती उशिरा लक्षात आली. बुंध्यातून जोरानं ओढून काढलेला एक ल्युअर सरळ यायचा सोडून डावीकडं पळत होता, वेग वाढवला की आडवा होऊन वर यायचा. त्याच्या नाकावरची तारेची कडी वाकली होती.

तिसरी अडचण झडप आल्यावरची. झडप जाणवताक्षणी मेहुणा रॉड खाडकन वर मारायचा, आणि ल्युअर मरळीच्या तोंडातून निसटून हवेत यायचा. पाचांतल्या तीन अशाच गेल्या.

समोरचे पर्याय

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पिचिंगवर बसून दोघांनी पर्याय मांडले. दाजींचं म्हणणं सरळ होतं, बेडूक लावा. जिवंत बेडूक नको असेल तर रबराचा पोकळ बेडूक, त्याचे काटे पाठीला चिकटून असतात म्हणून तो शेवाळावरून अलगद सरकतो. मुद्दा खरा होता. पण पोकळ बेडकावर मरळ बऱ्याचदा नुसती आपटते, तोंडात घेत नाही. शिवाय शेवाळाचा माथा पाण्याखाली होता, म्हणजे मधलं उघडं पाणी बेडकाला वापरताच येत नव्हतं.

आहे तोच ल्युअर रॉड उंच धरून सावकाश ओढायचा, हा फुकटातला उपाय. रॉडचं टोक वर गेलं की ल्युअर वरून चालतो. पण रॉड आधीच वर असला तर झडपेच्या वेळी हाताला मागं जायला जागाच उरत नाही, आणि अर्ध्या तासात खांदा बोलायला लागतो.

जाड दोरी हा तिसरा पर्याय. जाड दोरीला पाण्याचा अडसर जास्त, त्यामुळं ल्युअर कमी बुडतो. बारीक दोरीवर तोच ल्युअर जास्त खोल जातो. दोरी कशाची आहे यानंही फरक पडतो : ब्रेडेड दोरी पाण्याहून हलकी, तरंगणारी. नायलॉन पाण्याहून किंचित जड. फ्लुरोकार्बन त्याहून बरंच जड आणि बुडणारं. उथळ चालवायचं तर फ्लुरोकार्बनची पूर्ण दोरी हा उलटा रस्ता. दोरी जाड केली की फेक मात्र आखूड होते, आणि काठावरून मासेमारी करणाऱ्याला फेक गमावणं परवडत नाही.

मेहुण्याच्या हातात कानस होती, म्हणून त्याला चौथा पर्याय सुचला : आहे त्याच ल्युअरची लिप घासून आखूड करायची. पाचवा पर्याय म्हणजे चौकोनी टोकाच्या आखूड लिपचा, दोन-अडीच फुटांवर चालणारा नवा ल्युअर घ्यायचा. चौकोनी लिपचा आणखी एक फायदा बुंध्यांत दिसतो. लाकडावर आपटली की तिचे कोपरे ल्युअरला बाजूला उडवतात आणि काटे लाकडात रुतायच्या आधी ल्युअर सुटतो.

इथं एक निर्णय चांगला झाला. काही विकत घेण्याआधी मोजायचं ठरलं. पॅटर्नमेकरचा स्वभाव इथं कामी आला, माप घेतल्याशिवाय लाकूड कापायचं नाही.

मोजमाप

मोजायचं होतं ते शेवाळाच्या माथ्यापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. तळ्याच्या खोलीशी कामच नव्हतं. साधं शिसं शेवाळातून आरपार तळाला जातं, त्याचा उपयोग नाही. म्हणून मेहुण्यानं वितीएवढ्या प्लायवूडच्या गोल चकतीच्या मध्यभागी शिसं ठोकलं, जेमतेम बुडेल एवढंच. चकती शेवाळाच्या माथ्यावर टेकते आणि थांबते. सुतळीला अर्ध्या-अर्ध्या फुटावर गाठी मारल्या. आण्णांच्या थर्माकोलच्या तराफ्यावरून दोन तासांत पंचवीस ठिकाणी मापं झाली. (शेवाळात पाय अडकला तर पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय तराफ्यावर बसायचं नाही, हे आण्णांनीच बजावलं.)

सपाट पट्ट्यावर शेवाळाचा माथा पृष्ठभागाच्या अडीच फूट खाली, बांधाजवळ साडेतीन, ओढ्याकडच्या टोकाला जेमतेम एक.

मग ल्युअर खरोखर किती खोल जातो ते बघितलं. डबीवरचा आकडा ठरावीक दोरी आणि ठरावीक फेक धरून काढलेला असतो. तुमची दोरी वेगळी असली की आकडाही वेगळा. जनावरं धुवायच्या उतारावर तळ मुरमाचा, स्वच्छ. तिथं गुडघाभर पाण्यात उभं राहून काठाला समांतर फेकायचं, आधी खोल पाण्याच्या ओळीत, मग हळूहळू उथळ ओळींत. ज्या ओळीत लिप तळाला टकटक लागते, तिथपर्यंत ल्युअर पोचतो. फेक काठाला समांतरच हवी, कारण ल्युअरचा रस्ता कढईसारखा असतो : सुरुवातीला खाली जातो, मधे सगळ्यात खोल, आणि रॉडजवळ येताना पुन्हा वर. खोलाकडून काठाकडं ओढून माप घेतलं तर चढणाऱ्या भागाचं माप मिळतं.

जुना ल्युअर पंचवीस मीटरच्या फेकीत साडेचार फुटांवर चालत होता. रॉड उंच धरून साडेतीनवर. म्हणजे सगळ्यात चांगल्या परिस्थितीतही शेवाळाच्या माथ्याच्या एक फूट खाली. ऑक्टोबरचा सगळा हिशेब या एका फुटात मिटला.

केलेले बदल

नवा ल्युअर ६० मिलिमीटरचा, १२ ग्रॅमचा, चौकोनी आखूड लिपचा. त्याच दोरीवर, त्याच फेकीत तो सव्वादोन फुटांवर चालला, रॉड उंच धरला की दीड फुटावर. शेवाळाचा माथा अडीच फुटांवर, म्हणजे ल्युअर त्याच्या तीन इंच वरून जाणार, आणि एखादा उंच शेंडा आला तर त्याला टेकणार. हे टेकणं हवंच असतं. शेंड्याला लिप लागल्याचं हाताला कळलं की क्षणभर ओढणं थांबवायचं. ल्युअर नाक वर करून तरंगत सुटतो, आणि मरळीच्या बहुतेक झडपा याच क्षणी आल्या. ओढतच राहिलं तर तोच शेंडा गळात येतो.

दोरी तीच ठेवली, पुढं ४० पौंडी नायलॉनचा हातभर लीडर (दोरीच्या टोकाचा चिवट तुकडा) जोडला. मरळीचे दात आणि बाभळीचे बुंधे, दोन्हींसमोर ब्रेडेड दोरी लवकर कातरते. ल्युअर दोरीला घट्ट गाठीनं बांधला तर त्याची थरथर मरते. म्हणून गोल तोंडाची छोटी स्नॅप (उघडझाप होणारी तारेची कडी) लावली, स्विव्हल (फिरणारी जोडकडी) मात्र नाही. स्विव्हलचं वजन नाकावर येतं आणि ल्युअरची चाल बिघडते.

पोटाखालच्या तीन टोकांच्या गळाचं पुढं येणारं टोक कापून टाकलं. उरलेली दोन टोकं पोटाला लागून बसतात आणि शेवाळ कमी उचलतात. टोक कापल्यानं पोट हलकं पडतं, म्हणून कापण्याआधीच एक आकार मोठा गळ बसवला. शेपटीचा गळ तसाच ठेवला. बार्ब (गळाच्या टोकाजवळचे उलटे काटे) पक्कडीनं दाबून टाकले, तेही दाजींच्या अंगठ्यात एकदा गळ घुसून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागल्यानंतर.

डावीकडं पळणाऱ्या ल्युअरची कडी सुधारायची तर नेमाची गोष्ट एवढीच : ल्युअर ज्या बाजूला पळतो त्याच्या विरुद्ध बाजूला कडी वाकवायची. बाजू ठरवताना ल्युअर पाण्यात चालतो तसा, नाक आपल्याकडं येताना बघायचा आणि तीच डावी-उजवी धरायची. बारीक टोकाची पक्कड, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढंच वाकवणं, मग तीन-चार मीटरची आखूड फेक आणि जोरात ओढून तपासणी. कडी पिळायची नाही. मेहुण्यानं पहिल्यांदा एकदम वाकवली, कडी प्लास्टिकात सैल झाली, आत पाणी शिरलं आणि ल्युअरचं तरंगणंच गेलं. वाकवण्याचं काम त्याच्या हाताला नवं नव्हतं, पण बिडाची आणि प्लास्टिकची सहनशक्ती वेगळी.

रॉडच्या बाबतीत मोठी चर्चा झाली. बास धरणारे क्रँकबेटसाठी मऊ, वाकणारा रॉड सुचवतात. मासा ल्युअर नीट तोंडात घेईपर्यंत रॉड वाकून वेळ देतो आणि बारीक गळ मांसातून फाटून निघत नाहीत. तसा एक रॉड उसना आणून एक रविवार काढला. तिथं दोन गोष्टी आड आल्या. मरळीचा जबडा हाडाचा, मऊ रॉडनं गळ रुतेना. आणि गळ लागला तरी ती सरळ शेवाळात घुसते, तिथून वर खेचायला मऊ रॉडमध्ये दम नव्हता. एक दीडेक किलोची मरळ शेवाळात डोकं घालून बसली आणि गळ सोडवून गेली. शेवटी जुना मीडियम-हेवी रॉडच ठेवला आणि हाताची सवय बदलली : झडप आली की रॉड मारायचा नाही, रील फिरवत राहायचं, वजन जाणवलं की रॉड आडवा, कंबरेच्या उंचीवर बाजूला ओढायचा. यासाठी गळ मात्र नखावर घासला की रुतेल इतका धारदार हवा.

आणखी एक निर्णय या काळातला. पाणकणसाजवळ तांबूस-नारिंगी पिल्लांचा पुंजका पाण्यावर उसळताना दिसला. मरळीची जोडी पिल्लांची राखण करते, आणि अशा पुंजक्यावर ल्युअर टाकला तर झडप हमखास येते. दाजींनी आयुष्यभर तेच केलं होतं. मेहुण्याचं म्हणणं, राखण गेली की पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. आण्णांचं मत आणखी वेगळं : “ती पिल्लं मोठी झाली की आमचीच बोटुकली खाणार.” तिघांची तीन टोकं. अखेर तो कोपरा महिनाभर सोडला, कारण बाकीच्या तळ्यात मासा मिळायला लागला होता. मिळत नसता तर हाच निर्णय झाला असता का, सांगवत नाही.

डिसेंबरचं पाणी

नोव्हेंबर चांगला गेला. मग उसाच्या उपशाच्या मोटारी सुरू झाल्या आणि पाणी उतरायला लागलं. रोज थोडं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी तीस फेकींत बावीस वेळा शेवाळ आलं, आणि मेहुण्यानं पुन्हा डबा उघडून रंग बदलला. दाजींनी चकती पुढं केली : “पाव्हणं, आधी माप.” शेवाळाच्या माथ्यावर १४ इंच पाणी उरलं होतं. ल्युअर सव्वादोन फुटांचा.

इथं कानशीचा पर्याय पुन्हा वर आला. ऑक्टोबरच्या एका जुन्या ल्युअरची लिप १८ मिलिमीटरवरून एकदम १२ वर आणली. ल्युअर उथळ चालला, पण मेल्यासारखा, आणि वेग वाढवला की कुशीवर पडायचा. लिप ही तरफ आहे. ती खाली खेचते आणि त्याच दाबानं अंग हलवतेही. सहा मिलिमीटर गेल्यावर दोन्ही कामं कमी झाली. शिवाय हातानं घासताना एक बाजू जरा जास्त गेली होती, तेवढं असमान असणं ल्युअरला कुशीवर पाडायला पुरतं. दुसऱ्या ल्युअरसाठी पत्र्याचं टेम्पलेट केलं, दर खेपेला एक मिलिमीटर, दोन्ही बाजू सारख्या, आणि प्रत्येक वेळी शेतावरच्या हौदात ओढून तपासणी. १४.५ वर तो थांबवला. सावकाश ओढला तर चालतो, जोरात नाही. खटाटोप म्हणून बरा, उपाय म्हणून महाग.

कामाला आली ती वेगळी गोष्ट. उपशाच्या जॅकवेलपाशी (मोटारीनं पाणी उचलायच्या विहिरीपाशी) पाइपच्या तोंडाभोवती शेवाळ काढलेलं असतं, आणि तिथून काठाकडं एक मोकळा चर गेलेला होता. त्या चरात, चराच्या रेषेत फेकलं की ल्युअर दोन्ही बाजूंच्या शेवाळाच्या भिंतींमधून येतो. मरळ भिंतीतून बाहेर तोंड काढून बसलेली. मोटार चालू असताना जॅकवेलजवळ जायचं नाही, पाइपचं आणि वायरचं दोन्हीचं भान ठेवायचं. वेळही बदलली. थंडीच्या दिवसांत पहाटे वलयं कमी दिसत. दहानंतर, उन्हानं उथळ पाणी तापलं की वाढत.

बाकीच्या पट्ट्यावर जिथं शेवाळ पृष्ठभागाला टेकलं, तिथं दाजींनी रबरी बेडूक चालवला आणि दोन मरळी काढल्या. त्यातली एक मेहुण्याच्या डिसेंबरातल्या सगळ्या मरळींपेक्षा मोठी होती. यावर झालेलं बोलणं इथं लिहिण्यासारखं नाही.

निष्पत्ती

नोव्हेंबरमध्ये दिवाळीचा एक रविवार सोडून चार रविवार मासेमारी झाली, त्यातला एक मऊ रॉडवर गेला. चारांत मिळून १४ झडपा आणि ८ मरळी काठावर, सगळ्यात मोठी २.१ किलोची. शेवाळ येण्याचं प्रमाण चार फेकींत एकावर आलं. एकही ल्युअर बुंध्यात राहिला नाही. याचं श्रेय चौकोनी लिपला जितकं, तितकंच अडकल्यावर ओढत न बसता दोरी सैल सोडून ल्युअरला वर तरंगू द्यायच्या सवयीला. तरंगणारा ल्युअर बऱ्याचदा स्वतःच मागं सरकून सुटतो.

डिसेंबरात चर सापडल्यावर मेहुण्याला तीन आणि दाजींना बेडकावर दोन. धरलेल्यांपैकी निम्म्या घरी गेल्या, बाकी सोडल्या. कटला-रोहू एकही लागला नाही, त्यामुळं आण्णांची तक्रार नव्हती.

हे आकडे एका तळ्याचे, एका हंगामाचे, दोन माणसांचे आहेत. नोव्हेंबरात पाणीही निवळलं होतं आणि मासा त्यामुळंही जास्त दिसला असेल. बदल फक्त ल्युअरमुळं झाला असं धरता येत नाही. पण शेवाळाची जुडी घेऊन येणाऱ्या फेकी कमी होणं, हे मात्र निवळ पाण्यानं होत नाही.

कुठं वेगळं करता आलं असतं

मोजमाप पहिल्याच रविवारी व्हायला हवं होतं. चकती, सुतळी आणि दोन तास, यात चार रंगांचे पैसे आणि चार रविवार वाचले असते. तराफा नसता तरी बांधावरून चकती फेकून अंदाज घेता येतो. बारा-पंधरा मीटरपर्यंतचं माप मिळतं, आणि काठावरून मारणाऱ्याला बहुतेक वेळा तेवढंच लागतं.

एक माप घेऊन दोन महिने चालवणं, ही दुसरी चूक. उसाच्या पट्ट्यातलं तळं स्थिर राहत नाही. उपसा सुरू झाल्याची बातमी गावात सगळ्यांना होती. ज्या दोघांना तिचं सर्वांत जास्त काम होतं, त्यांनी तिचा मासेमारीशी संबंधच लावला नाही.

दोरीची जाडी आणि फेकीचं अंतर वहीत लिहिलंच नव्हतं, फक्त ल्युअरचं नाव आणि रंग. नंतर २० पौंडी दोरीवर तोच ‘सव्वादोन फुटी’ ल्युअर शेवाळात घुसला तेव्हा उलगडा व्हायला एक सकाळ गेली.

लिप घासायची असेल तर मोडक्या ल्युअरवर आधी हात बसवावा. आणि खरं तर डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी, चर सापडेपर्यंत, क्रँकबेट डब्यात ठेवून दोघांनीही बेडूकच चालवायला हवा होता. मेहुण्याला हे अजून पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, बेडकाच्या मागं लागले असते तर चर शोधलाच नसता.

जानेवारीत आण्णांच्या परवानगीनं जॅकवेलच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाची अर्ध्या-अर्ध्या फुटाची पट्टी ओढली गेली. ऑक्टोबरची पातळी वरच्या रेषेवर, डिसेंबरची खाली. शेवाळाचा माथा हंगामागणिक बदलतो, त्यामुळं चकती दरवर्षी टाकावीच लागेल. पण एकदा टाकली की पुढं रविवारी गाडीवरून उतरताच पट्टी बघून डबा उघडायचा की नाही ते ठरतं. माथ्यावर फूटभर पाणी उरल्याची खूण दाजींनी लाल रंगानं केली आहे आणि शेजारी, वाकड्या हातानं, बेडूक काढलाय.